सायगॉन ते अंकोर वाट चॅरिटी सायकल राइड: जायचं असेल तर आधी हे वाचा

परदेशातल्या चॅरिटी राइडला (एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे जमवून केलेली सायकल सफर) नाव नोंदवायच्या आधी एकच प्रश्न विचारा, माझ्या नावाने जमलेल्या पैशातून माझं हॉटेल आणि विमान किती आणि कामाला किती? सरळ आकडा मिळाला तर पुढे बोला, गोलमोल उत्तर आलं तर सोडून द्या. मी ज्यांच्याबरोबर गेलो त्यांनी हा हिशोब मी विचारायच्या आधीच मेलवर पाठवला होता आणि खरं सांगायचं तर मी त्यांनाच निवडलं ते त्यामुळेच.

दोन प्रकार असतात. एक मिनिमम स्पॉन्सरशिप, म्हणजे थोडी नोंदणी फी भरायची, मग ओळखीच्यांकडून ठरलेली रक्कम जमवायची आणि त्यातूनच तुमचा ट्रिपचा खर्चही निघतो. दुसरा सेल्फ फंडिंग, सगळा खर्च आपल्या खिशातून आणि लोकांनी दिलेला पैसा पूर्णच्या पूर्ण संस्थेला. आमची राइड कंबोडियातले भूसुरुंग काढायच्या कामासाठी होती आणि मी दुसरा प्रकार घेतला. आत्या, काका, ऑफिसातले लोक, सगळ्यांनी पैसे दिले ते भूसुरुंग काढायच्या कामाला, माझ्या फिरण्याला नाही. पहिला प्रकार वाईट असं म्हणत नाही, पण त्यात देणाऱ्याला हे स्पष्ट सांगितलेलं असायला हवं, आणि निम्म्याहून जास्त रक्कम ट्रिपवरच जाणार असेल तर मी तरी जाणार नाही.

आता राइड. व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीतून (सायगॉन म्हटलं तरी सगळ्यांना कळतं) बाहेर पडेपर्यंत बस, कारण तिथल्या स्कूटरच्या गर्दीत सायकली घालण्यात अर्थ नाही. मग मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश, त्यातली बेन त्रे, काँ थो, चाऊ डॉक ही गावं. चढ जवळजवळ नाहीच, नारळाच्या बागांमधून जेमतेम एक स्कूटर जाईल एवढ्या काँक्रीटच्या वाटा, मधेच कालवा आला की छोटा कमानदार पूल, नाहीतर सायकलसकट फेरीत चढायचं. सपाट आहे म्हणून सोपं समजू नका, उघड्या शेतातून हेडविंड, म्हणजे समोरून येणारा वारा, लागला की दम निघतो आणि उतार नसल्यामुळे पाय थांबवायला जागाच मिळत नाही. चाऊ डॉकहून बोटीने कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह आणि पुढे कंबोडियाची लाल माती. त्या धुळीसाठी तोंडावर ओढायला बफ (गळ्यात घालायची कापडी पट्टी) हवाच, नुसता चष्मा पुरत नाही.

सायकली ऑर्गनायझरच्याच, हायब्रिड (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणाऱ्या), ठीकठाक. माझ्या सायकलला पुढचा ब्रेक डाव्या हाताला होता. तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि अशा देशांत बहुतेक सायकलींचा ब्रेक तसाच असतो, पण ज्याला उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबायची सवय आहे त्याने घाईत डावा आवळला तर हँडलवरून पुढेच जाईल. मेकॅनिकने पहिल्याच दिवशी सगळ्यांना रिकाम्या मैदानात दहा मिनिटं फक्त ब्रेक मारायला लावले, ज्यांना हवं त्यांच्या केबल्स अदलाबदल करून दिल्या. इतकं बारीक लक्ष फार कमी लोक देतात. सॅडल मात्र आपलं न्या, तुमच्या शरीराला सवय झालेलं, आणि पॅडेड शॉर्ट्स रोज धुतलेली.

रोज उजाडताना सुरुवात, दर २० ते २५ किलोमीटरला पाणी, मीठ-साखर, केळी, शेवटच्या माणसाच्या मागे एक गाइड आणि त्याच्या मागे व्हॅन. कोणी व्हॅनमध्ये बसलं तर त्याला कोणी काही बोलत नव्हतं, हे मला फार आवडलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊ नका, एप्रिलमध्ये तिथलं ऊन झेपणार नाही.

कंबोडियात पहिली सूचना मिळाली ती अशी, लघवीला जायचं असेल तरी मळलेल्या वाटेवरूनच जा, झुडपात शिरू नका. मुख्य रस्त्यांना धोका नाही पण देशाच्या वायव्येला, थायलंडच्या सीमेकडे, सुरुंग अजून सापडतात. अंकोरजवळच्या सियेम रीप शहरात अपोपो नावाच्या संस्थेचं केंद्र आहे, तिथे शिकवलेले आफ्रिकी उंदीर वासावरून स्फोटकं कशी शोधतात ते दाखवतात. उंदराच्या अंगाला छोटा पट्टा, दोन माणसांच्या मधे ताणलेली दोरी, त्या दोरीने तो सरळ रेषेत पुढे जातो आणि वास आला की थांबून जमीन खरवडतो. वजनाने हलका असल्यामुळे त्याच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही. त्यांच्यातल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनमधल्या प्राण्यांच्या संस्थेने सुवर्णपदक दिलं होतं, तो २०२२ मध्ये वारला. मी त्या दोरीकडे बघत कितीतरी वेळ उभा होतो, आपण जमवलेल्या पैशातून असंच एक एक शेत मोकळं होणार हे तिथे डोळ्यांना दिसलं.

आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात नव्हती. आमच्यातल्या एका ताईंनी मुलांसाठी वह्या आणल्या होत्या, त्यांना गाइडने शांतपणे समजावलं की इथल्या अशा आश्रमांतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात आहेत, पर्यटक येतात म्हणून मुलं घरापासून लांब ठेवली जातात. वह्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे दिल्या, फोटो वगैरे काही नाही. ज्या ट्रिपच्या जाहिरातीत मुलांना कडेवर घेतलेले फोटो असतील ती ट्रिप घेऊ नका, अगदी मनापासून सांगतो.

अंकोर वाटला पहाटे सायकलवरून पोचलो. १२ व्या शतकातलं, सूर्यवर्मन दुसरा याने बांधलेलं विष्णूचं मंदिर, पूर्वेच्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय, त्याला वेळ ठेवा. एक दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, आणि प्रत्येक तिकिटातले २ डॉलर मुलांवर फुकट उपचार करणाऱ्या कांथा बोफा हॉस्पिटल्सना जातात.

तक्रारी दोन. व्हिएतनाममध्ये मोठ्या जारमधून बाटल्या भरून देत होते, सीमा ओलांडल्यावर मात्र छोट्या प्लास्टिक बाटल्यांचे खोके आले. आम्ही बोललो तेव्हा दुसऱ्या दिवशी जार आले, पण हे आधीच व्हायला हवं होतं. आणि गाइड, मेकॅनिक, ड्रायव्हर यांच्या टिपचा विषय शेवटच्या रात्री काढला. त्या लोकांनी जे कष्ट घेतले त्याला कितीही दिले तरी कमीच, पण रक्कम आधी कळली असती तर सगळ्यांनी नीट तयारीने दिली असती, आणि त्यांचा पगार मुळातच चांगला असावा, टिपवर सोडू नये, हे मी त्यांना फीडबॅकमध्ये लिहिलंय.

इन्शुरन्स घेताना सायकलिंग कव्हर आहे का आणि दुसऱ्या देशातल्या हॉस्पिटलला हलवायचा खर्च त्यात आहे का हे लेखी घ्या. तयारीला निदान तीन-चार महिने द्या, एका दिवशी खूप चालवण्यापेक्षा सलग दोन-तीन दिवस ६०-७० किलोमीटर चालवून बघा, कारण खरी परीक्षा आदल्या दिवशीच्या थकव्यावर पुन्हा सीटवर बसताना होते. रोज सायकल चालवणाऱ्या साध्या माणसाला जमेल अशी राइड आहे. ऑर्गनायझरला पाचपैकी चार, पाचवा जार आणि टिपचं सुधारलं की.