जुन्या घरात लॅन केबल आणि मेश वायफाय: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर

नाशिकचं आमचं घर दुमजली, नऊ इंची विटांच्या भिंतींचं. फायबर इंटरनेटचा डबा खालच्या दिवाणखान्यात, माझं काम वरच्या मागच्या खोलीत. दिवाळीत मेशचे दोन डबे (मिळून घरभर एकच वायफाय पसरवणारे), आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (एका केबलवरून अनेक यंत्रं जोडणारा) आणि कॅट-6 लॅन केबल असा घाट घातला. आता पावसाळा निम्मा सरलाय. माझ्या मते यात खरा पैसा वसूल केला तो केबलने.

सुरुवातीला मेशचे डबे एकमेकांशी वायरलेसच जोडलेले होते. वर सगळ्या कांड्या फुल्ल, पण वेग खालच्यापेक्षा जेमतेम निम्मा. दोन बँडच्या (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन रेडिओ पट्ट्यांच्या) स्वस्त मेशमध्ये हे होणारच, कारण वरचा डबा ज्या 5 गिगाहर्ट्झवर खालून डेटा घेतो त्याच बँडवर तो तुमच्या लॅपटॉपला देतो. जिन्याच्या कडेने पट्टीतून केबल वर नेली आणि डबा तिला जोडला, तेव्हा वर-खाली सारखा वेग मिळू लागला. मग डेस्कटॉप, टीव्ही आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, म्हणजे एका जागी बसून असणारं सगळंच वायरवर घेतलं. त्यामुळे हवेतली गर्दी घटली आणि मोबाईलचं वायफायही सुधारलं.

टीव्हीचं मात्र गंमतशीर आहे. पुष्कळ स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे स्पीड टेस्टला वायफाय पुढे दिसतं. दिसू द्या. 4के व्हिडिओला 25 एमबीपीएस पुरतात, आणि सामना रंगात आला असताना गोल चक्र फिरत नाही.

केबल घेताना डोळे उघडे ठेवा. बाजारात कॅट-6 म्हणून सीसीए सर्रास खपवतात: आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. टोक ब्लेडने खरवडलं की पांढरं दिसतं. लॅपटॉपला चालूनही जाईल, पण त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर लांब अंतरावर व्होल्टेज पडतं. शुद्ध तांब्याची महाग पडली तरी तीच घ्या.

आमच्या इलेक्ट्रिशियनने वायरिंग नेटकं केलं, पण एका टोकाचं क्रिम्पिंग, म्हणजे तारांवर जॅक दाबून बसवणं, कच्चं राहिलं. नेट चालायचं, म्हणून कळलंच नाही. डेस्कटॉपवर लिंक 1 जीबीपीएसऐवजी 100 एमबीपीएस दिसली तेव्हा संशय आला. 100 ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. टोक कापून नवीन जॅक बसवला, काम झालं. केबल टेस्टर काही फार महाग नसतो. माणूस घरात असतानाच प्रत्येक टोक तपासून घ्या.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते प्रिंटरने. फायबरचा डबा स्वतः राउटर, मेशही राउटर, दोघेही यंत्रांना आपापले आयपी, म्हणजे नेटवर्कमधले पत्ते, वाटत बसलेले. प्रिंटर एकाकडे, लॅपटॉप दुसऱ्याकडे, म्हणजे एकाच घरात दोन चुली. मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकली (म्हणजे ती फक्त वायफाय देते, आयपी वाटत नाही), प्रिंटरचा आयपी कायमचा राखून ठेवला आणि बाबांची पेन्शनची कागदपत्रं वरून खाली छापली जाऊ लागली. स्मार्ट प्लग मात्र 2.4 गिगाहर्ट्झशिवाय बोलत नाहीत, त्यांच्यासाठी तो बँड चालू ठेवावाच लागतो.

कुरकुरी आहेतच. जिना चढताना फोन खालच्या डब्याला चिकटून राहतो आणि वायफाय कॉल क्षणभर तुटतो. कोणत्या डब्याला धरायचं हे शेवटी फोन ठरवतो. फास्ट रोमिंग (एका डब्यावरून दुसऱ्यावर पटकन जाण्याची सोय) चालू करून पाहिलं, तर जुना प्रिंटर जोडलाच जाईना, म्हणून ते बंद केलं. डब्यांची पॉवर थोडी कमी केल्यावर फरक पडला, पण दुखणं पुरतं गेलेलं नाही.

दुसरं म्हणजे लाइट. फायबरचा डबा इन्व्हर्टरवर, वरचा स्विच नाही. त्यामुळे लाइट गेली की खाली नेट आणि वर अंधार. स्विचसाठी छोटा यूपीएस घेतला. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचं व्होल्टेज वाचा, राउटर बहुधा 12 व्होल्टचे असतात, पण छोटे स्विच 5 किंवा 9 चेही निघतात.

गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या जॅकमध्ये पहिल्याच पावसात पाणी शिरलं आणि पिना हिरव्या पडल्या. आता तिथे बाहेर वापरायची काळी केबल आहे, जॅक बंद डबीत आहे, आणि डबीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. त्यानंतर बराच पाऊस झाला, कॅमेरा चालू आहे.