पट्टीवरचा नंबर की मशीनची ठेवण? जुनी आउटबोर्ड ओळखताना

अडगळीतून निघालेल्या आउटबोर्डवरचं (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या मोटरीवरचं) नाव पुसून गेलं असेल, तर ती ओळखायच्या दोन वाटा आहेत: नंबर शोधा, नाहीतर मशीन वाचा, म्हणजे तिची ठेवण बघा.

नंबर मिळाला तर निम्मं काम झालं. नंबराची पट्टी बहुधा क्लॅम्पवर (मोटर होडीला अडकवणाऱ्या पकडीवर), टाकीवर नाहीतर इंजिनाच्या अंगावर असते. तिच्यावर वायर ब्रश फिरवायचा मोह टाळा. रॉकेलच्या बोळ्याने मळ काढा आणि अंधारात टॉर्च अगदी आडवा धरा. कोऱ्या वाटणाऱ्या पत्र्यावर आकड्यांच्या कडा सावलीने उठतात. तरी लागत नसेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. मॉडेल आणि सिरियल दोन्ही टिपून घ्या. फसगत होते ती ओतीव भागांवरच्या उठावदार आकड्यांनी. तो त्या सुट्या भागाचा नंबर. तोच भाग अनेक मॉडेलांना लागलेला असतो.

ठेवण नेमकं वर्ष सांगत नाही, काळ मात्र सांगते. एव्हिनरूड, जॉन्सन, एल्टो ही जुन्या मोटरींची नावं. 1909 च्या एव्हिनरूडला एकच सिलिंडर, दीड हॉर्सपॉवर, आणि चालू करायला फ्लायव्हीलवर (वरच्या जड चाकावर) मूठ. (ती मूठ इंजिन चालू असतानाही गरगर फिरायची, बोटं जपावी लागत.) 1922 च्या जॉन्सनला समोरासमोर दोन सिलिंडर. एल्टोच्या सुरुवातीच्या मोटरींत मॅग्नेटोऐवजी (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्राऐवजी) बॅटरीवरचं इग्निशन. वेगळ्या टाकीला जाणारी दुहेरी नळी दिसली, तर 1920 च्या दशकाचा विषयच सोडा. गिअर आणि वेगळी टाकी असलेली जॉन्सनची 10 हॉर्सपॉवरची मोटर 1949 ची.

झाकणावरच्या नावाला मी सर्वांत कमी मान देतो. 'सी किंग' मॉन्टगोमेरी वॉर्डने विकली, 'एल्जिन' सीअर्सने; दोन्ही अमेरिकेतल्या विक्री करणाऱ्या कंपन्या. बनवणारे कारखाने वेगळेच. वर रंग आणि स्टिकर तर कोणीही नवे लावतो.

सुटे भाग मागवायचे असतील तर नंबराशिवाय पैसे खर्चू नका, कारण एका वर्षाच्या फरकानेही कॉइल (ठिणगीसाठीचं तारेचं वेटोळं) न बसण्याची शक्यता असते. मोटर घ्यावी की नाही एवढंच ठरवायचं असेल, तर आधी ठेवण बघा: सिलिंडर मोजा, फ्लायव्हील हाताने फिरवून अडकत नाही ना ते पाहा. पट्टी आणि ठेवण दोन वेगळे काळ सांगत असतील, तर मी ठेवणीवर विश्वास ठेवतो आणि पट्टीचे रिवेट नंतर बदललेत का ते बघतो.