एसएसडी, हार्ड डिस्क आणि फाइलींचा शोध: विंडोजचा इंडेक्स, एव्हरीथिंग की डॉकफेचर?

फोंड्यातला डीटीपीवाला असो, म्हापशातला फोटो स्टुडिओ असो की मडगावातली सीएची कचेरी, संगणकाची मांडणी हमखास सारखीच आढळते. विंडोज ५०० जीबीच्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर), आजवरचं सगळं काम एक-दोन टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर, आणि तिथे मावलं नाही ते कपाटातल्या यूएसबी डिस्कांवर. फाइल शोधायची वेळ आली की लोक विचारतात, 'इंडेक्सिंग (शोध झटपट व्हावा म्हणून फाइलींची आधीच नोंद करून ठेवणं) चालू ठेवू की बंद करू?' माझ्या मते आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: तुम्ही फाइल नावाने शोधता की आतल्या मजकुराने, आणि ती कुठल्या डिस्कवर आहे.

विंडोजचा स्वतःचा इंडेक्स फाइलचं नाव, तारीख, गुणधर्म आणि मजकूर असं सगळं नोंदवतो. वर्डच्या फाइलमध्ये 'कुळ-मुंडकार' हे शब्द कुठे आले, हे तो क्षणात दाखवतो. पण मजकूर नोंदवायचा तर प्रत्येक फाइल उघडून वाचावी लागते, आणि इथे डिस्कचा प्रकार आडवा येतो. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कवर हवी ती जागा हेडखाली (डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली) यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद जातात, हेड सरकण्याचा वेळ वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या बारीक फाइली सेकंदाला शंभरेकच वाचून होतात. एसएसडीवर हाच आकडा हजारोंत जातो. शिवाय तुम्ही काम करत असलात की इंडेक्सर मागे सरतो, म्हणून हार्ड डिस्कवरच्या लाखो फाइलींची पहिली नोंदणी दिवसेंदिवस रेंगाळते. मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार ४ लाख नोंदींच्या पुढे हा इंडेक्स जड व्हायला लागतो. स्टुडिओतल्या लग्नांच्या फोटोंनी हा आकडा सहज ओलांडला जातो.

'इंडेक्सिंगने एसएसडी झिजते, बंद करा' हा सल्ला अजून फिरतो. तो मानू नका. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या ५०० जीबीच्या एसएसडीला ३०० टीबी लिखाणाची हमी आहे. रोज २० जीबी लिहिलं तरी तिथवर पोचायला चाळीस वर्षं लागतील. त्याहून घातक म्हणजे एसएसडी वाचवायला इंडेक्सची फाइलच हार्ड डिस्कवर हलवणं. मग प्रत्येक शोध त्या मंद डिस्कवर जातो. इंडेक्स एसएसडीवरच राहू द्या.

एव्हरीथिंगची रीत निराळी आहे. हा छोटा, फुकट प्रोग्रॅम एरवी मजकुरात शिरत नाही. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल-मांडणी) असलेल्या डिस्कवर सगळ्या फाइलींची एक मुख्य यादी असते. ती तो थेट वाचतो आणि पुढचे बदल डिस्कच्या बदल-नोंदवहीतून उचलतो. दहा लाख फाइलींची यादी साधारण मिनिटभरात तयार होते आणि तिला ७५ एमबीच्या आसपास मेमरी लागते. शोध मेमरीतच होत असल्याने फाइल मंद डिस्कवर असली तरी नाव टंकताच समोर येते. नावाच्या मधला तुकडाही चालतो: 'वाडी' टाकलं की 'सावंतवाडी' येतं. आपल्याकडे कोणी पणजी लिहितं, कोणी पंजिम. 'पणजी|पंजिम' अशी मधली उभी रेघ दिली की दोन्ही सापडतात. रोमन अक्षरांत लिहिलेली नावंही त्याच ओळीत जोडता येतात.

कपाटातल्या डिस्कांसाठी याची 'फाइल लिस्ट' मला सर्वांत मोलाची वाटते. डिस्क एकदा जोडायची आणि तिच्यातल्या नावांची यादी करून ठेवायची. पुढे डिस्क न जोडताही 'अमुक घरचं लग्न कुठल्या डिस्कवर' हे कळतं. पण ती यादी आपोआप ताजी होत नाही; नवं काम टाकलं की पुन्हा करावी लागते. एक्सफॅट (यूएसबी डिस्कांवर बरेचदा असणारी दुसरी मांडणी) असलेल्या डिस्कवर ती मुख्य यादी वाचण्याची सोय नसल्याने तिथले फोल्डर नेमून द्यावे लागतात. आणि एक खबरदारी: सर्व्हिस म्हणून (विंडोजसोबत पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम म्हणून) बसवल्यावर एव्हरीथिंग संगणकावरच्या सगळ्यांच्या फाइलींची नावं सगळ्यांना दाखवतं. अशिलांची नावं फाइलींवर असतील आणि संगणक सामायिक असेल, तर याचा विचार आधी करा.

डॉकफेचर हा प्रोग्रॅम या दोघांच्या मधे बसतो. मजकूर नोंदवतो, पण तुम्ही दाखवाल त्याच फोल्डरचा. त्याची पोर्टेबल (न बसवता चालणारी) आवृत्ती इंडेक्ससकट यूएसबी डिस्कवर ठेवता येते. जुन्या करारांची एकच डिस्क असेल तर उत्तम.

आता निवड. स्टुडिओवाल्याला मजकुराचा शोध लागतच नाही. त्याने विंडोज 'क्लासिक' पद्धतीवर ठेवावं, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढंच नोंदलं जातं. हार्ड डिस्क एव्हरीथिंगला द्यावी. सीएच्या कचेरीत उलट: चालू वर्षांचे फोल्डर एसएसडीवर आणून विंडोजच्या इंडेक्समध्ये घाला, जुनी वर्षं हार्ड डिस्कवर फक्त नावाने शोधा. सगळा संगणक नोंदवणारी 'एन्हान्स्ड' पद्धत मिश्र डिस्कांच्या यंत्रावर मी कोणालाच सुचवणार नाही.

डीटीपीवाल्यांची अडचण मात्र डिस्कची नाहीच. देवस्थानांच्या स्मरणिका, जत्रेच्या पत्रिका, नाटकांच्या जाहिराती वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ओळख देणारी पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टांत बसवल्या गेल्या. त्या फाइलींत देवनागरी दिसते ती फॉन्टमुळे. आत साठलेली असतात भलतीच अक्षरं. 'म्हाळसा' टाकून विंडोजला किंवा डॉकफेचरला त्यात काही सापडणार नाही, मग इंडेक्सिंग कितीही तास चालवा. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच; ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) झालं नसेल तर आत नुसतं चित्र असतं. अशा संग्रहावर मजकुराच्या इंडेक्सचा खटाटोप करू नका. फाइलींना युनिकोडमध्ये नीट नावं द्या: देवस्थान, गाव, साल. बाकी एव्हरीथिंग बघून घेईल. ज्या स्मरणिकांतले लेख पुन्हा लागणार आहेत, तेवढेच युनिकोडमध्ये बदलून एसएसडीवरच्या एका फोल्डरात ठेवा आणि तो फोल्डर इंडेक्सला जोडा.