गिटइग्नोर आणि प्री-कमिट: द्राक्षाचा एक हंगाम वापरल्यानंतर

आम्ही नाशिकमध्ये बसून दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाऊससाठी पेट्या, वजन आणि गाड्यांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर करतो. मागे पायथॉन, पुढे रिॲक्ट. टीममध्ये कोणाकडे विंडोज, कोणाकडे मॅक, एकाकडे उबुंटू. त्यामुळे रेपोत (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या फोल्डरात) नको त्या फायली यायला वाटा भरपूर. मॅकची डीएस-स्टोअर, विंडोजची थम्ब्स-डीबी, आणि एक्सेल उघडं असलं की शेजारी उगवणारी ~$ ने सुरू होणारी फाइल. हे सगळं आपोआप बाहेर राहावं म्हणून हंगामाआधी गिटइग्नोर (गिटने वगळायच्या फायलींची यादी) आणि प्री-कमिट (कमिट, म्हणजे बदलाची नोंद, होण्याआधी तपासण्या चालवणारं साधन) नीट बसवून घेतलं.

सगळ्यात मोठा फायदा ग्लोबल इग्नोरचा. गिटच्या कॉन्फिगमध्ये 'कोअर डॉट एक्सक्लूड्सफाइल'ला एका फाइलचा पत्ता दिला की त्यातले नियम तुमच्या मशीनवरच्या प्रत्येक रेपोला लागतात. मॅकवाल्याने आपला कचरा आपल्या घरी झाडावा, प्रोजेक्टच्या गिटइग्नोरमध्ये फक्त प्रोजेक्टचं असावं: नोड-मॉड्यूल्स, पायकॅश, बिल्ड, आणि पासवर्ड-सेटिंग्ज ठेवणारी डॉट-ईएनव्ही. आमची फाइल त्यामुळे एका स्क्रीनवर मावते आणि लोक ती खरंच वाचतात. एकाच रेपोपुरतं खाजगी काही वगळायचं असेल, तर डॉट-गिट फोल्डरच्या आत इन्फो/एक्सक्लूड आहेच.

तयार टेम्प्लेटबद्दल मात्र माझं मत बदललं. रेपो बनवताना गिटहब (रेपो ठेवण्याची वेबसाइट) भाषेनुसार आयती गिटइग्नोर फाइल देतं. आम्ही पायथॉनची घेतली. पुढे एक नवा मुलगा जॉइन झाला, त्याने क्लोन केलं (रेपोची प्रत उतरवली) आणि रिॲक्टचं बिल्ड फुटलं: मॉड्यूल सापडत नाही. बाकी सगळ्यांकडे व्यवस्थित चालू. पायथॉनच्या टेम्प्लेटमध्ये 'लिब/' अशी ओळ असते. सुरुवातीला स्लॅश नसल्यामुळे ती कुठल्याही पातळीवरच्या लिब फोल्डरला लागते, आणि रिॲक्टच्या सोर्समधलं आमचं लिब फोल्डर कधी कमिटच झालं नव्हतं. गिट गप्प. तक्रार नाही, वॉर्निंग नाही. शेवटी 'गिट चेक-इग्नोर'ला उणे-व्ही लावून फाइलचा पत्ता दिला, तेव्हा त्याने कुठल्या इग्नोर फाइलमधला कितव्या ओळीतला नियम लागतोय ते सरळ दाखवलं. त्या ओळीच्या सुरुवातीला एक स्लॅश दिला, विषय संपला. ही कमांड पहिल्याच दिवशी सगळ्यांना शिकवा.

दुसरा त्रास सूट देण्याचा. रिपोर्ट फोल्डर वगळायचं, पण त्यातली नमुना एक्सेल ठेवायची. आख्खं फोल्डर वगळलं की उद्गारचिन्ह लावून आतली एक फाइल परत आणता येत नाही, कारण गिट त्या फोल्डरात डोकावतच नाही. फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश-तारा द्यायचा आणि सूट देणारी ओळ त्याखाली लिहायची. शेवटचा जुळणारा नियम जिंकतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. आणि 'दर_पत्रक' अशी मराठी नावं गिट स्टेटसमध्ये आकड्यांचा खिचडा होऊन दिसत असतील तर 'कोअर डॉट कोटपाथ' फॉल्स करा; मग कळतं तरी काय वगळायचंय.

इग्नोर म्हणजे कुलूप नव्हे, हेही लक्षात ठेवा. आधीच ट्रॅक झालेल्या (गिटच्या नोंदीत असलेल्या) फाइलला हे नियम लागत नाहीत. तिला 'गिट आरएम कॅश्ड'ने काढावं लागतं, आणि इतिहासात ती तरीही राहते. पासवर्ड पुश झाला (सर्व्हरवर गेला) असेल तर बदलणं हाच उपाय.

तिथे प्री-कमिट कामी येतं. त्यातला मोठ्या फाइलचा हुक (कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी) ५०० केबीच्या वर अडवतो, त्यामुळे डेटाबेसचे डंप आणि व्हॉट्सॲपवरून आलेले पेट्यांचे फोटो दारातच थांबतात. गिटहब स्वतः १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, पण तोवर वाट कशाला बघायची? उणिवा दोन. क्लोनसोबत हुक येत नाहीत, प्रत्येकाने इन्स्टॉलची कमांड चालवायलाच हवी. आणि फेब्रुवारी-मार्चच्या घाईत 'नो-व्हेरिफाय' (हुक टाळण्याचा पर्याय) मारून लोक सटकतात. म्हणून तीच तपासणी आम्ही सर्व्हरवरही ठेवली. तिथे या हुकला 'एन्फोर्स-ऑल' द्यावं लागतं, नाहीतर तो फक्त नव्याने स्टेज झालेल्या (कमिटसाठी निवडलेल्या) फायली बघतो आणि सर्व्हरवर सगळं हिरवं दाखवतो.

तेवढं 'गिट क्लीन'ला (ट्रॅक न झालेल्या फायली पुसणाऱ्या कमांडला) मोठा एक्स लावताना जपा. तो नेमक्या वगळलेल्या फायलीच उडवतो, म्हणजे कचऱ्यासोबत डॉट-ईएनव्हीसुद्धा. आधी उणे-एन लावून यादी बघा, मगच एंटर दाबा.