टेस्टोस्टेरॉन वाढवणारी कॅप्सूल: वाढलं ते फक्त रिपोर्टात

पाचपैकी दीड स्टार. त्यातला अर्धा झाकणाला. ते खरंच घट्ट बसतं.

जिममधल्या एका दादाच्या सांगण्यावरून माझ्या भाच्याने नागपुरात बर्डीवरच्या दुकानातून ही बाटली दीड हजाराला आणली. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, पण बाटली माझ्यापर्यंत आली ती अर्धी संपल्यावर. "मावशी, ताकद वाढून राहिली ना!" हा त्याचा अभिप्राय. त्याच महिन्यात तो रोज दोन अंडी जास्त खायला लागला होता आणि रात्री अकराला झोपायला लागला होता, ते त्याने हिशेबात धरलं नाही.

लेबलवर अश्वगंधा, गोखरू, मेथीचा अर्क, झिंक आणि "केसांसाठी" 10 मिलिग्रॅम बायोटिन. गोखरूने धडधाकट पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही. झिंकचा फायदा ज्याच्या अंगात ते कमी आहे त्याला. अश्वगंधेच्या काही छोट्या अभ्यासांत थोडी वाढ दिसली. पण ती घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, त्याबद्दल लेबल गप्प. आणि गंमत बघा, एकीकडे टेस्टोस्टेरॉन वाढवायचं, दुसरीकडे केस वाचवायचे! टेस्टोस्टेरॉनपासूनच डीएचटी नावाचं हार्मोन बनतं, आणि ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस पातळ होतात ते याच डीएचटीमुळे.

मोठा दावा "नैसर्गिक निर्मिती दुप्पट" हा. शरीर असं कोणाला दुप्पट करू देत नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून थांबून थांबून जीएनआरएच नावाचं हार्मोन सुटतं, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं हार्मोन सोडते, आणि एलएच पोचलं की वृषणातल्या लायडिग पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात. रक्तात ते पुरेसं झालं की मेंदू एलएच आवरतो, कूलरच्या टाकीत पाणी चढलं की फ्लोट नळ बंद करतो तसा. म्हणूनच बाहेरून इंजेक्शनं घेणाऱ्यांचं एलएच तळाला जातं, वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. जिममधले दादा हे शेवटचं सांगत नाहीत.

आता या कॅप्सूलची खरी करामत. भाच्याने हौसेने रक्त तपासलं. सकाळी गेला हे बरोबर, टेस्टोस्टेरॉन सकाळीच सर्वांत जास्त असतं. पण कॅप्सूल गिळून गेला. रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन 1,180, म्हणजे त्या लॅबच्या वरच्या मर्यादेच्याही पुढे, आणि एलएच अगदी कमी. पोरगा खूश! धंतोलीतल्या डॉक्टरांनी मात्र कागद पाहून थेट विचारलं, "इंजेक्शन घेतोस का?" तो नाही म्हणाला. मग त्यांनी बाटली मागवली आणि बायोटिनवर बोट ठेवलं.

शरीराला रोज लागतं साधारण 30-40 मायक्रोग्रॅम बायोटिन. इथे एका कॅप्सूलमध्ये 10,000. बऱ्याच तपासणी-किट्समध्ये हार्मोन पकडायला बायोटिनच हुकासारखं वापरतात. रक्तात ते जास्त असलं की मोजमाप बिघडतं. टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीची पद्धत अशी की निकाल खोटा वर जातो, एलएचची अशी की खोटा खाली. दोन्ही मिळून चित्र हुबेहूब इंजेक्शन घेणाऱ्याचं! बायोटिनमुळे रिपोर्ट चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 सालीच दिलाय. बाटलीवर त्याचा उल्लेख नाही. काही दिवस कॅप्सूल बंद ठेवून त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं: टेस्टोस्टेरॉन 540, एलएच व्यवस्थित. चोवीस वर्षांच्या पोराला याहून जास्त काय पाहिजे?

उरलेला एक स्टार पोटाचा त्रास झाला नाही म्हणून. चव मेथीची, ढेकर दिवसभर. घेणारच असाल तर थायरॉइडसकट कुठल्याही रक्त तपासणीआधी लॅबला सांगा आणि कॅप्सूल किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारा. सील फोडलेली बाटली दुकानदार परत घेत नाही, आम्ही विचारून आलो.