विंचेस्टर ९४ की मार्लिन ३३६? सफाई आणि काडतुसांच्या अंगाने

.३०-३० काडतुसाची लिव्हर रायफल (ट्रिगरभोवतीची दांडी, म्हणजे लिव्हर, खाली-वर करून काडतूस भरायची) घ्यायचे ठरवणाऱ्यासमोर शेवटी बहुधा दोनच नावे उरतात : जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली विंचेस्टर ९४ आणि १९४८ पासूनची मार्लिन ३३६. नेम धरताना दोघींत फारसे उणेअधिक जाणवत नाही. फरक कळतो तो रायफल सफाईला घेतल्यावर.

मार्लिनचा लिव्हर अर्धवट उघडून त्याचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि त्यामागून बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता भाग, सहज बाहेर येतो (या वेळी सुटा होणारा इजेक्टर, म्हणजे झाडलेले काडतूस बाहेर फेकणारा तुकडा, मात्र हरवू देऊ नये). त्यामुळे क्लीनिंग रॉड चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या मागच्या, बाजूने घालता येतो आणि मळ नळीच्या तोंडातून बाहेर पडतो. विंचेस्टरचा बोल्ट काढायचा म्हणजे बरेच स्क्रू आणि पिना सोडवाव्या लागतात, म्हणून बहुतेक लोक रॉड तोंडाकडूनच घालतात. असे करताना रॉड घासून नळीच्या तोंडाची कड झिजली, तर गोळी बाहेर पडतानाच तिचा तोल बिघडतो आणि नेम ढळतो. शिवाय काजळी मिसळलेले सॉल्व्हंट (मळ विरघळवणारे द्रव) ओघळून यंत्रणेत उतरते. तोंडावर बसणारा गाइड वापरावा, नाहीतर चेंबरकडून ओढायची सफाईची दोरी घ्यावी, हे दोन्ही उपाय चांगले आहेत. जुन्या विंचेस्टरच्या यंत्रणेचा माथा उघडा असल्याने धूळ आणि पाऊस आत लवकर शिरतात. मार्लिनचा माथा बंद आहे.

तेल दोघींनाही बेताचेच लावावे, कारण जास्त तेलावर धूळ बसून त्याचा चिखल होतो. सफाईपूर्वी चेंबरबरोबरच नळीखालचे मॅगझिनही रिकामे झाल्याची खात्री करावी. त्यात एखादे काडतूस अडकून राहू शकते.

काडतुसांच्या बाबतीत दोघींना एकच नियम लागू आहे आणि तो मोडण्याजोगा नाही. मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाच्या प्रायमरवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या टोपीवर, टेकते. टोकदार कडक गोळी वापरली तर धक्क्याने प्रायमर पेटून मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. म्हणून चपट्या टोकाच्या १५० किंवा १७० ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) वजनाच्या गोळ्याच रूढ आहेत. हॉर्नाडी कंपनीच्या लवचिक टोकाच्या गोळ्या या मॅगझिनसाठीच बनवल्या असून दूरच्या निशाण्यावर त्या वेग अधिक टिकवतात, मात्र जवळच्या निशाण्यासाठी त्यांचा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही. मार्लिनच्या अनेक नळ्यांमध्ये उथळ मायक्रो-ग्रूव्ह खाचा असतात. ओतीव मऊ शिशाच्या गोळ्या जास्त वेगाने झाडल्यास त्यांत शिसे साचते, तेव्हा अशा गोळ्यांचा शौक असणाऱ्याने विंचेस्टरकडे झुकावे.

वारंवार नेमबाजी करणाऱ्यासाठी माझे मत मार्लिनला आहे. वजनाने किंचित हलकी आणि सडपातळ विंचेस्टर दिवसभर खांद्यावर वागवायला बरी पडते. वापरलेली विंचेस्टर घेताना तोंडाची कड भिंगाखाली तपासावी आणि मार्लिन घेताना लिव्हरच्या स्क्रूची खाच पाहावी, कारण चुकीच्या पेचकसाने ती आधीच चिरडलेली असेल तर सफाईची सोय नावापुरतीच उरते.