रेशीम गिळणारं मशीन: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गणपतीच्या आधी घेतलेलं शिलाई मशीन. आता कलमांना कैऱ्या धरल्यात. इतके महिने थांबले, कारण लगेच लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या आल्या असत्या. मॉडेल विचारू नका. खोक्यावर टाक्यांची लांबलचक यादी आणि रेशमी साडीतल्या बाईचा फोटो असलेलं कुठलंही घरगुती झिगझॅग मशीन डोळ्यांपुढे आणा.

तक्रार एकच आहे: सुईखालच्या स्टीलच्या प्लेटचं भोक.

झिगझॅगसाठी सुई आडवी हलते, म्हणून भोकही आडवं, लांबट. माझ्या मशीनचा टाका पाच मिलिमीटर रुंद जातो, म्हणजे भोक त्याहून थोडं मोठंच. सुती कापडाला त्याचं काही वाटत नाही. पातळ रेशमाला मात्र खाली आधार उरत नाही. शिवण सुरू करताना सुई टोचली की कापड तिच्याबरोबर भोकात उतरतं, बॉबिनच्या दोऱ्यात गुंततं आणि मशीन घुर्र करून थांबतं. सासूबाईंच्या काळ्या पायमशीनवर असं कधी झालं नाही, कारण त्याला सरळ टाक्यापुरतं एकच बारीक गोल भोक आहे.

आणि गिळलं काय, तर साडीतून कापून घेतलेला ब्लाउजपीस! सुती कापड देवगडच्या बाजारात पुन्हा मिळेल, पण साडीचा पीस एकदाच येतो, त्याला जोड नाही. कात्रीने दोरे कापून काढला, तर टोकाला भोकांची जाळी. रेशमात सुईचं भोक पडलं की ते इस्त्रीनेही बुजत नाही. नशीब, ते टोक बाहीच्या मार्जिनमध्ये, म्हणजे शिवणीच्या आत जाणाऱ्या जादा कापडात, जिरलं.

सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. फोनवरच्या मुलाने सांगितलं, "मॅडम, हे मशीन रेशमासाठी नाही." मग खोक्यावरची बाई काय गोणपाट नेसली आहे? सरळ टाक्याची, गोल भोकाची वेगळी प्लेट द्या म्हटलं, तर या मॉडेलला ती येत नाही म्हणे. माणूस घरी पाठवायचा तर व्हिजिटचे पैसे वेगळे, आणि तो फोंडाघाट उतरून येईल तेव्हा येईल. वॉरंटी मोटरला आहे, भोकाला नाही. इथवर माझ्याकडून एक तारा, तोही दोरा ओवायच्या सोयीबद्दल. चाळिशीनंतर तिची किंमत कळते.

मत बदललं ते कणकवलीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकमुळे. मशीन उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, "वयनी, सुई डावीकडे घेवा, मगे बघा." सुईची जागा बदलायचं बटण आहेच, ते सजावटीच्या टाक्यांसाठी असेल असं पुस्तिका वाचून वाटतं. सुई भोकाच्या डाव्या काठाला गेली की निदान त्या बाजूने कापडाला प्लेटचा आधार मिळतो. रेशीम गिळणं जवळजवळ थांबलं. पैसे विचारले तर हात जोडले.

फक्त यात एक मेख आहे, आणि अंगाबरोबर बसणारं ब्लाउज शिवणाऱ्यांनी ती नीट वाचावी. सुई मधून डाव्या काठाला गेली की साधारण अडीच मिलिमीटर सरकते. तुम्ही मात्र सवयीने फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेवर नजर ठेवून शिवता. मग प्रत्येक थरात मार्जिन अडीच मिलिमीटर जास्त जातं, एका कुशीच्या, म्हणजे काखेखालच्या बाजूच्या, शिवणीत दोन थर म्हणजे पाच, दोन्ही कुशी मिळून घेरातला एक सेंटिमीटर गेला. कटोरी ब्लाउजमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे हुक लागणार की नाही याचा प्रश्न. सुईपासून मोजून प्लेटवर रंगीत चिकटपट्टीची रेघ लावली आहे, कापडाची कड तिला लावून शिवते. आमच्याकडच्या दमट हवेत ती पट्टी सुटते, पुन्हा लावायची. कुशीला दीड इंच मार्जिन सोडतेच, ती सवय सासूबाईंची. पुढे उसवून सैल करता येतं. फक्त जुन्या शिवणीची भोकं दिसतात, म्हणून सुरुवातीला सैलच शिवा, मग आत घ्या.

बाकीचं थोडक्यात. खोक्यातल्या चौदा आणि सोळा नंबरच्या सुया रेशमाला लावू नका. अकरा, अगदी पातळ असेल तर नऊ नंबर. बॉलपॉइंट सुई होजिअरीसाठी, इथे अणकुचीदारच हवी. टाक्याची लांबी अडीचवर, वरच्या दोऱ्याचा ताण किंचित सैल. सुरुवातीला रिव्हर्स मारू नका, दोन्ही दोरे मागे धरा आणि शेवटी गाठ बांधा. अस्तर आधी पाण्यातून काढून वाळवून कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं रेशीम फुगे धरतं. रेशीम आणि अस्तर धावदोऱ्याने एकत्र धरलं की टक्सना, म्हणजे आकारासाठी शिवलेल्या घड्यांना, फारसा त्रास होत नाही, अस्तराचा खालून आधार मिळतो.

खरी परीक्षा गळ्याच्या पायपिंगची. तिरकी पट्टी अरुंद, अस्तराशिवाय, आणि सुरुवातच टोकाला. तिथे सुई डावीकडे घेऊनही भरवसा नाही. पातळ कोऱ्या कागदाचा तुकडा खाली धरते आणि शिवून झाल्यावर फाडून काढते. छापलेला कागद नको, शाई लागते.

टाचण्या आणि सुया उघड्यावर ठेवू नका. खाऱ्या वाऱ्याने गंज धरतो आणि गंजाचा डाग रेशमातून जात नाही. प्लेटच्या स्क्रूला पावसाळाभर तेलाचं बोट लावत होते, तेल पुसून मगच शिवायला घ्यायचं.

पैशांचं म्हणाल तर इथे अस्तराच्या ब्लाउजची शिलाई आता सातशेच्या घरात गेली आहे, त्यावर लग्नसराईत "पुढच्या आठवड्यात बघू". मशीनची किंमत वसूल व्हायला अजून वेळ आहे, पण भाचीच्या केळवणाचं ब्लाउज घरी झालं आणि मुंढ्यात एक चुणी नाही.

म्हणून आता साडेतीन तारे. फॉल-पिको आणि सुती ब्लाउजसाठी घेत असाल तर खुशाल घ्या. रेशमासाठी घेत असाल तर दुकानात पातळ रेशमाची चिंधी घेऊन जा, कडेपासून शिवायला लावा, आणि गोल भोकाची प्लेट मिळते का ते बिल करायच्या आधी विचारा. घरात जुनं काळं पायमशीन असेल तर भंगारात देऊ नका.